धरण सुरक्षित आहे, घराचे काय?

सातारा-सांगलीकडच्या वाचकाला ही बातमी तोंडपाठ आहे. कोयना धरण परिसर भूकंपाच्या सौम्य धक्क्याने हादरला; तीव्रता रिश्टर स्केलवर इतकी, केंद्रबिंदू कोयनानगरपासून इतक्या किलोमीटरवर; धरणाला कोणताही धोका नाही, नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. चार ओळींचा मजकूर. गेली कित्येक वर्षे त्यातले आकडे तेवढे बदलत आले आहेत.

या चार ओळींमागे एक पक्की समजूत आहे. भूकंप हा किचकट विषय, आणि माणसाच्या उद्योगामुळे होणारा भूकंप त्याहून किचकट. सामान्य माणसाला त्यातले कळत नाही, कळत नाही म्हणून तो घाबरतो, घाबरला की अफवेमागे जातो, आणि मग शास्त्रज्ञ काय, सरकार काय, कोणाचेच खरे मानत नाही. यावर उपायही ठरलेले आहेत: लोकांना शास्त्रीय माहिती द्या, आणि बोलणारा अधिकृत आवाज एकच ठेवा. अधिकारी असे म्हणतात, यात नवल नाही. पण पत्रकार, प्राध्यापक आणि विज्ञानप्रसारासाठी आयुष्य वेचलेली माणसेही हेच म्हणतात. त्यांचा हेतू चांगला असतो, म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा समाचार नीट घ्यायला हवा.

माझे म्हणणे असे की हे निदानच उलटे आहे. मानवनिर्मित भूकंपांच्या बाबतीत लोकांचा अविश्वास बहुतेक वेळा अज्ञानातून आलेला नसतो, अनुभवातून आलेला असतो. माहिती देणाऱ्याची नजर कशावर आहे, हे लोकांना बरोबर कळते. त्याची नजर आपल्या मालमत्तेवर आहे, आपल्यावर नाही, हे एकदा लक्षात आले की तो कितीही खरे बोलला तरी त्याचे बोलणे कानाआड जाते.

आधी पूर्वपक्षाला त्याचे माप पुरते देऊ. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन आटोपून माणसे झोपली होती. हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. त्यानंतर निम्न तेरणा प्रकल्पाच्या पाण्यामुळे हे घडले, असे बोलले जाऊ लागले. त्याची शास्त्रीय चर्चाही झाली, पण पुरावा तोकडा पडला. कोयनेत पाणी आणि भूकंप यांचे जे नाते वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दिसते, तसे तेरणेच्या बाबतीत कोणाला दाखवता आले नाही. म्हणजे लोकांचा संशय प्रत्येक वेळी खरा ठरतोच असे नाही. एका धरणाने भूकंप झाला म्हणून प्रत्येक भूकंपामागे धरण शोधायचे, ही विचारपद्धत नव्हे. पुढे तुर्कस्तानात 2023 साली भूकंप झाला, तेव्हा अमेरिकेच्या गुप्त यंत्राने तो घडवला असे संदेश मराठी घराघरांतल्या मोबाइलवरही फिरले. हे सगळे मला मान्य आहे.

पण किल्लारीचीच गोष्ट थोडी मागे नेऊन पाहा. 1992 च्या पावसाळ्यापासून त्या भागात लहान धक्क्यांची रांग लागली होती. भांडी वाजत होती, माणसे घाबरून अंगणात झोपत होती. मग धक्के थांबले, लोक घरात परतले, आणि वर्षभराने सगळे संपले. ज्याने ते वर्ष काढले त्याने पुढच्या वेळी शासकीय दिलाशावर डोळे मिटून विसंबावे, अशी अपेक्षा करता येत नाही. त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल, पण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

धरणफुटीच्या अफवेचेही तसेच. कोयनेत पाणी साठायला लागले त्याच सुमारास, 12 जुलै 1961 रोजी, पानशेत फुटले आणि अर्धेअधिक जुने पुणे पाण्याखाली गेले. नव्या धरणाचे ते पहिलेच भरणे होते. त्यानंतर सहा वर्षांनी, कोयनेच्या मोठ्या भूकंपाच्या पहाटे, धरणाच्या पायथ्याचा माणूस 'धरण फुटले' या आरोळीने डोंगराकडे धावला असेल, तर त्याला भित्रा कसा म्हणायचा? त्याच्या पिढीने धरण फुटताना पाहिले होते.

आता कोयनेकडेच येऊ. मानवी कारणांनी होणाऱ्या भूकंपांच्या चर्चेत जगात कुठेही हे नाव पहिल्यांदा घेतले जाते. धरणात पाणी चढू लागले आणि थोड्याच काळात परिसरात हादरे जाणवू लागले, जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला. 1963 पासून खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने तिथे भूकंपमापक बसवले. 1966 साली रुडकीच्या भूकंप अभियांत्रिकी परिसंवादात त्या केंद्राचे गुहा आणि त्यांचे सहकारी यांनी कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या परिसरातल्या या हादऱ्यांवर निबंध मांडला. अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या जलाशयाखाली 1930 च्या दशकातच असे हादरे नोंदले गेले होते. चीनमधले शिनफेंगजियांग 1962 साली, आफ्रिकेतले करिबा 1963 साली, ग्रीसमधले क्रेमास्ता 1966 साली हादरले होते, आणि हे तिन्ही धक्के 6 च्या वरचे होते. म्हणजे माहिती होती. ती इंग्रजीत होती, परिसंवादांच्या खंडांत होती, पण होती. आणि त्याच काळात भूकंपाच्या नकाशात दख्खनचा हा भाग जवळजवळ निर्धोक म्हणून दाखवलेला होता. कोयनेजवळच्या हेळवाकच्या शेतकऱ्याला त्याचे पाय सांगत होते की जमीन हलते आहे, आणि देशाचा नकाशा सांगत होता की ती हलणार नाही. अडाणी कोणाला म्हणायचे?

11 डिसेंबर 1967, पहाटे 4 वाजून 21 मिनिटे. 6.3 तीव्रतेचा धक्का बसला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, हजारांवर जखमी झाली. मुंबईची वीज गेली. कोयनानगरातली बहुसंख्य घरे राहण्याजोगी उरली नाहीत. धरणाच्या उंच खंडांना दोन्ही अंगांनी आडवे तडे गेले, पण धरण उभे राहिले. पुढे त्याला आधार देऊन मजबूत करण्यात आले. धरणाच्या आत भूकंपाची गती मोजणारे यंत्र होते, त्याने तो धक्का टिपला. ती नोंद इतकी मोलाची ठरली की आजही जगभरचे अभियंते काँक्रीटच्या धरणांची गणिते तिच्यावर तपासून पाहतात. तीन वर्षांनी, 1970 मध्ये, भूकंपाचा नकाशा बदलला आणि कोयनेचा भाग मोठ्या धोक्याच्या क्षेत्रात आला.

या प्रसंगात धरण वाचले आणि माणसे मेली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. माणसे मेली ती पुराने नाही, घरांच्या भिंतींनी. तरीही आजतागायत प्रत्येक धक्क्यानंतर पहिले वाक्य येते ते 'धरण सुरक्षित आहे' हे. ते खरे असते. धरणावर लक्ष ठेवणारे लोक आपले काम मन लावून करतात, त्यांच्या सचोटीबद्दल मला शंका नाही. पण पाटण तालुक्यातल्या वाडीवरच्या माणसाचा प्रश्न धरणाबद्दल नव्हताच. कालच्या धक्क्याने माझी भिंत किती सुटली, शाळेचे छप्पर पोरांच्या डोक्यावर ठेवायच्या लायकीचे आहे का, हे बघायला कोण येणार, असे तो विचारत होता. त्याला उत्तर मिळाले धरणाचे. त्यातून धरणाखाली जमीन गेलेली, आणि साठ वर्षे उलटली तरी पुनर्वसनासाठी आंदोलन करावे लागणारी कुटुंबे याच खोऱ्यातली. ज्या तोंडाने जमिनीबद्दल शब्द दिला, त्याच तोंडाने आता भूकंपाबद्दल दिलासा मिळतो. हे दोन्ही ऐकणारा कान मात्र एकच आहे.

दुसरा मुद्दा अर्धसत्याचा. कोयनेच्या भूकंपाचे कारण पाणी की निसर्ग, यावर शास्त्रज्ञांत बराच काळ मतभेद होते. इतका मोठा धक्का पाण्यामुळे कसा बसेल, ही जुनी जमिनीतली भेगच सरकली असणार, असे अनेक नामवंतांचे मत होते. हर्ष गुप्ता आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढची कित्येक वर्षे नोंदी लावून धरल्या, तेव्हा चित्र स्पष्ट झाले. खडकातला ताण निसर्गाचाच. जलाशयाचे पाणी भेगांतून खाली झिरपते, खोलवर दाब वाढतो, आणि एकमेकांना घट्ट धरून बसलेले खडकाचे दोन पदर सरकायला मोकळे होतात. पाण्याची पातळी आठवड्यात सुमारे 12 मीटरपेक्षा जास्त चढली की 5 च्या वरच्या धक्क्याला अनुकूल परिस्थिती येते, असे गुप्तांनी दाखवले. वारणा धरण 1985 पासून भरू लागले; 1993 च्या पावसाळ्यात तिथे पाणी झपाट्याने चढले, आणि त्या डिसेंबरात व पुढच्या फेब्रुवारीत 5 च्या वरचे धक्के बसले. आता कराडच्या हजारमाचीला या अभ्यासासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विवर खणून बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटपर्यंत शास्त्रज्ञ पोचले आहेत.

म्हणजे 'हा भूकंप नैसर्गिक आहे' हे वाक्य खोटे नाही, आणि पुरेसे खरेही नाही. ताण नैसर्गिक, निमित्त माणसाचे. ही गोष्ट समजायला पदवी लागत नाही, गावच्या पारावर ती दहा मिनिटांत सांगता येते. तरीही जगात अनेक ठिकाणी असे भूकंप झाले तेव्हा अधिकृत आवाजाने या दोन अर्ध्यांपैकी सोयीचा अर्धाच आधी उचलला. पुढे दुसरा अर्धा बाहेर आला तेव्हा विश्वास तुटला. तो तोडायला अफवा पसरवणाऱ्यांची गरज पडली नाही.

याचा सगळ्यात ठसठशीत दाखला नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन प्रांतात सापडतो. ज्यांना वाटते की हा अविश्वास शिक्षणाच्या अभावाचा आहे, त्यांनी तो जरूर अभ्यासावा, कारण हा युरोपातला सुशिक्षित, शांत, सरकारवर एरवी विश्वास ठेवणारा समाज आहे. तिथे 1959 मध्ये स्लोक्टेरेन गावाजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. 1986 च्या डिसेंबरात आसेन शहराजवळ हादरा बसला. मेंट व्हान डर स्लाउस नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाने सांगितले की हा वायू उपसल्याचा परिणाम आहे. त्यांना कोणी गंभीरपणे घेतले नाही. वायू काढणारी कंपनी शेल आणि एक्सॉन यांच्या मालकीची. तिने संबंध नाकारला. 1993 मध्ये तज्ज्ञ समितीने संबंध मान्य केला. पण मान्य करतानाही सूर असा, की धक्के लहानच असतील, काळजीचे कारण नाही.

16 ऑगस्ट 2012 च्या रात्री हाउझिंगे गावात 3.6 चा धक्का बसला. कोयनेच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण हे धक्के अवघ्या तीन किलोमीटर खोलीवरचे, माती मऊ, आणि घरे जुन्या विटांची. शंभर-दीडशे वर्षे सरळ उभ्या असलेल्या भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या चिरा गेल्या. चर्चना, शेतघरांना बाहेरून लाकडी टेकू लावावे लागले. जानेवारी 2013 मध्ये खाणींवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्यानेच सल्ला दिला की उपसा शक्य तितक्या लवकर कमी करा. त्याच वर्षी उपसा वाढून 54 अब्ज घनमीटरच्या घरात गेला. पुढे 2015 मध्ये डच सुरक्षा मंडळाने लिहिले की निर्णय घेताना रहिवाशांच्या सुरक्षेचा विचारच झाला नव्हता. संसदेच्या चौकशी समितीने फेब्रुवारी 2023 मध्ये अहवाल दिला. ग्रोनिंगेनकरांच्या हिताकडे पद्धतशीर दुर्लक्ष झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. या वायूतून डच सरकारला साडेतीनशे अब्ज युरोंहून अधिक उत्पन्न मिळाले होते. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला उपसा थांबला.

ग्रोनिंगेनच्या लोकांना भूगर्भशास्त्र कळत नव्हते काय? उलट, त्या दोन-तीन दशकांत त्यांना इतके कळू लागले की शेतकरी खडकाच्या दाबाबद्दल बोलत. माहिती वाढली तसा विश्वास घटला, कारण प्रत्येक नव्या माहितीबरोबर जुने आश्वासन पोकळ ठरत गेले. पण तिथेही सगळ्यांवरचा विश्वास सारखा उडाला नाही. प्रत्येक धक्क्याची नोंद कोणालाही पाहता येईल अशी ठेवणारी राजघराण्याच्या नावाची हवामान संस्था वेगळी आणि वायू विकणारी कंपनी वेगळी, हे लोकांना समजत होते. घराला चीर गेली तर ती भूकंपानेच गेली असे आधी धरायचे आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर टाकायची, हा कायदा 2016 च्या अखेरीस झाला. तोवर चिरेचा पुरावा घरमालकाने द्यायचा होता. म्हातारा घरमालक एकीकडे, आणि कंपनीचे अभियंते दुसरीकडे.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाबद्दल थोडक्यात सांगतो. तेलाबरोबर वर येणारे खारे पाणी तिथे पुन्हा खोल जमिनीत सोडत. 3 च्या वरचे भूकंप पूर्वी वर्षाला एक-दोन होत, 2015 मध्ये ते 900 च्या वर गेले. राज्याचे भूशास्त्र खाते बराच काळ नैसर्गिक कारणांकडे बोट दाखवत राहिले. एप्रिल 2015 मध्ये त्याने मान्य केले की बहुतेक भूकंप या पाण्यामुळे होत असण्याची दाट शक्यता आहे. एका तेलसम्राटाने राज्याच्या भूकंपतज्ज्ञाला विद्यापीठाच्या अध्यक्षांसमोर बसवून आपली चिंता कानावर घातली होती, हेही उघड झाले. पाणी सोडण्यावर निर्बंध आले, आणि पुढच्या वर्षांत भूकंप कमी होत गेले. ज्यांना दोन-तीन वर्षे 'घाबरू नका' सांगितले गेले, त्यांची भीती योग्य होती आणि उपायही हाताशी होता.

दक्षिण कोरियातल्या पोहांगला 15 नोव्हेंबर 2017 रोजी 5.5 चा धक्का बसला. दुसऱ्या दिवशी देशभरची विद्यापीठ प्रवेश परीक्षा होती, ती आठवडाभर पुढे ढकलावी लागली. त्या देशात ही किती मोठी गोष्ट आहे हे बारावीचे वर्ष घरात काढलेल्या मराठी पालकाला सांगायला नको. शहराजवळ भूगर्भातल्या उष्णतेपासून वीज करण्यासाठी खोलवर पाणी दाबले जात होते. सरकारने देशी-परदेशी तज्ज्ञांची समिती नेमली आणि मार्च 2019 मध्ये तिने निःसंदिग्धपणे सांगितले की भूकंपाला निमित्त ते पाणीच झाले. प्रकल्प सरकारच्याच पाठबळाचा होता. त्या सरकारने नेमलेल्या समितीने सरकारला अडचणीचे उत्तर दिले. अधिकृत आवाजावर विश्वास बसतो तो असा, आणि तो 'एकच आवाज' ठेवून बसलेला नाही. समितीआधी स्वतंत्र शास्त्रज्ञांनी आपले निष्कर्ष जाहीर केले होते, आणि त्यावर उघड वाद झाला होता.

यावर एक आक्षेप उरतो, आणि तो वजनदार आहे. अधिकृत आवाज एवढा संशयास्पद ठरवला तर लोक उद्या कोणाचेच ऐकणार नाहीत. खरोखरच्या संकटात, रात्री दोन वाजता गाव रिकामे करा असे सांगावे लागले, तर काय करायचे? मला हा प्रश्न हलका वाटत नाही. म्हणूनच तो विश्वास आधी, शांत दिवसांत, मिळवून ठेवायचा असतो. आणि तो कसा मिळवायचा याचे उदाहरण साठ वर्षांपूर्वीच्या डेन्व्हरमध्ये आहे.

डेन्व्हरजवळ अमेरिकी सैन्याच्या रासायनिक कारखान्याचे दूषित पाणी मार्च 1962 पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडले जात होते. शहराला हादरे बसू लागले. डेव्हिड इव्हान्स या भूशास्त्रज्ञाने 1965 मध्ये एक साधी गोष्ट केली. दर महिन्याला विहिरीत किती पाणी गेले याचा आलेख काढला, आणि त्याच्याखाली त्याच महिन्यांत किती भूकंप झाले याचा. दोन्ही एकत्र चढत होते, एकत्र उतरत होते. ज्याला उभा-आडवा अक्ष कळतो त्या कोणालाही ते दिसत होते. सैन्याने फेब्रुवारी 1966 मध्ये पाणी सोडणे थांबवले. इव्हान्स यांनी लोकांना भूकंपशास्त्र शिकवले नाही, धीरही दिला नाही. दोन आकडे एकमेकांखाली ठेवले आणि बघणाऱ्याला बघू दिले. पाणी थांबल्यावरही 1967 मध्ये तिथे मोठे धक्के बसले, कारण खोलवरचा दाब हळूहळू पसरतो. तेही आलेखातच दिसले, लपवावे लागले नाही.

कोयनेला हे करणे अवघड नाही. पावसाळा लागला की साताऱ्या-सांगलीच्या वर्तमानपत्रांत रोज चौकट येते: कोयनेचा साठा किती टीएमसी, चोवीस तासांत आवक किती, विसर्ग किती, पातळी किती. कृष्णाकाठचा माणूस ती चौकट पंचांगासारखी वाचतो, पुराचा अंदाज स्वतः बांधतो, आणि त्या आकड्यांनी कोणाची घबराट झाल्याचे कोणी म्हणत नाही. त्याच चौकटीत आणखी चार ओळी बसतील: या आठवड्यात पाणी किती मीटर चढले, किती धक्के नोंदले गेले, त्यातला सर्वात मोठा कोणता, आणि मोठ्या धक्क्यानंतर कोणत्या वाड्यांतली किती घरे व शाळा कोणी जाऊन तपासल्या. पहिल्या तीन ओळींचे आकडे आजही वेगवेगळ्या कार्यालयांत मोजले जातात. चौथ्या ओळीसाठी माणसे पाठवावी लागतील.